सोडावॉटरचा पाद्री

मे महिन्यातल्या रविवारी दुपारी कुणी घरी आलं, की मी चहाचं विचारतच नाही. उंच काचेचे पेले काढते. तळाशी दोन चमचे कोकमाचं आगळ, त्यावर साखरेचा पाक, चिमूटभर काळं मीठ, जिऱ्याची पूड, अर्धं लिंबू, तळहातावर चोळलेली पुदिन्याची चार पानं, मग बर्फ आणि सगळ्यांत शेवटी सोडा. सोडा शेवटीच घालायचा आणि पेला तिरका धरून घालायचा, हा आमच्या घरचा नियम. आधी सोडा आणि वरून मीठ असा क्रम झाला, की फेस भसकन वर येतो, ओट्यावरून खाली ओघळतो आणि पेल्यात उरतं ते नुसतं आंबट पाणी. सोडा थंडगार असावा, कारण गार पाण्यात वायू जास्त मुरतो आणि टिकतोही. नातवंडं या प्रकाराला कॉकटेल म्हणतात. धाकट्याने पहिल्यांदा हा शब्द पाहुण्यांसमोर उच्चारला, तेव्हा सूनबाईचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आता सगळ्यांना सवय झाली आहे.

याच धाकट्याने एकदा पेला कानाला लावून विचारलं, की पाण्यात हे बुडबुडे पहिल्यांदा घातले कुणी? बाजारातल्या एखाद्या कंपनीचं नाव सांगून मी सुटले असते. पण उत्तर मला ठाऊक होतं, आणि ते एका माणसाच्या अख्ख्या आयुष्याएवढं लांब होतं. त्याच दुपारी सांगायला बसले, ते पुढचे दोन-तीन रविवार पुरलं.

ठाऊक होतं ते अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे वडील. रत्नागिरीला शाळेत शास्त्र शिकवायचे. प्राणवायूचा धडा आला, की जोसेफ प्रिस्टले हे नाव यायचंच, आणि अण्णा त्याच्याबद्दल जरा हळहळूनच बोलायचे. प्राणवायू या माणसाच्या हातात आला आणि त्याला तो ओळखता आला नाही, हे सांगताना त्यांचा स्वर असा लागायचा, की जणू घरातला हुशार पुतण्या मॅट्रिकला एका विषयात गेला आहे. सोडावॉटरचा उल्लेख ते जाता जाता करायचे. मला मात्र लहानपणापासून तेवढंच लक्षात राहिलं. आमच्या नाक्यावरच्या गोटी सोड्याच्या बाटलीतली गोटी अंगठ्याने आत दाबली, की जो टणकन आवाज यायचा, त्याच्या मागे कुणी पाद्री उभा आहे, ही कल्पनाच भारी वाटायची.

होय, तो पाद्री होता. शास्त्राचं रीतसर शिक्षण त्याला फारसं नव्हतं. इंग्लंडच्या यॉर्कशर भागात, लीड्स शहराजवळ, १३ मार्च १७३३ रोजी तो जन्मला. वडील कापडावर शेवटचा हात फिरवून ते विक्रीला तयार करणारे कारागीर. सहा भावंडांत हा थोरला. आई लवकर गेली आणि आत्याने त्याला वाढवलं. तब्येत नाजूक, त्यात बोलताना अडखळायचा. घरबसल्या त्याने लॅटिन, ग्रीक, हिब्रूपासून अरबीपर्यंत भाषांचा सपाटा लावला. त्याचं घराणं इंग्लंडच्या राजमान्य चर्चबाहेरच्या पंथातलं होतं. अशा लोकांना तेव्हा ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळत नसे, सरकारी हुद्दे मिळत नसत. म्हणून तो डॅव्हेंट्रीच्या, याच लोकांनी चालवलेल्या विद्यालयात शिकला आणि धर्मोपदेशक झाला. अडखळत बोलणारा धर्मोपदेशक! पहिल्या गावात त्याचं बस्तान काही नीट बसलं नाही. त्यातून येशू हा साक्षात देव नव्हे, असं त्याचं मत बनत चाललं होतं, तेही लोकांना पचणारं नव्हतं.

दुसऱ्या गावी, नँटविचला, त्याने शाळा काढली आणि पोटाला चिमटा घेऊन एक हवेचा पंप आणि एक विजेचं यंत्र आणलं. वरच्या वर्गातली मुलं स्वतः ती चालवत आणि पालकांना प्रयोग करून दाखवत. शास्त्र हे थोरामोठ्यांच्या दालनातून सामान्यांच्या बैठकीच्या खोलीत यावं, ही त्याची जन्मभराची धडपड तिथेच दिसते. मला विचाराल तर प्राणवायूपेक्षा हीच त्याची खरी ओळख. पुढे वॉरिंग्टनला शिक्षकाची नोकरी लागली, १७६२ साली मेरी विल्किन्सनशी लग्न झालं, लंडनला बेंजामिन फ्रँकलिनची ओळख झाली. १७६६ साली रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतलं आणि १७६७ साली विजेचा इतिहास सांगणारं त्याचं जाडजूड पुस्तक आलं. फ्रँकलिनच्या पतंगाची जी गोष्ट आपण शाळेत वाचतो, ती तपशिलाने जगापुढे आली ती या पुस्तकातून.

त्याच वर्षी तो लीड्सच्या मिल हिल प्रार्थनामंदिरात रुजू झाला आणि राहायला जागा मिळाली ती नेमकी बिअरच्या भट्टीला लागून. दुसरा एखादा पाद्री असता तर वासाने हैराण होऊन घरमालकाशी भांडला असता. हा गृहस्थ रोज भट्टीत जाऊन उभा राहू लागला. आंबणाऱ्या पिंपांवर एका जड हवेचा थर साचतो, हे त्याने पाहिलं. जळती ढलपी त्या थरात धरली की विझायची, आणि तिचा धूर त्या हवेवर तरंगत पिंपाच्या काठावरून खाली ओघळायचा. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने ही हवा आधी ओळखली होती. आज आपण तिला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. प्रिस्टलेने काय करावं? दोन भांडी घेतली, पिंपावरच्या त्या थरात हात घालून एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातलं पहिल्यात असं ओतत राहिला. आपण उकळता चहा गार करायला कपातून बशीत ओततो ना, तसंच. थोड्या वेळाने ते पाणी त्याने चाखलं. जिभेला चुरचुरलं. युरोपात काही ठिकाणी झऱ्यांचं असं चुरचुरणारं पाणी मिळे आणि ते औषधी मानून धनवान लोक तिथे जाऊन राहत. ते पाणी या पाद्र्याच्या पेल्यात होतं.

आणि मग त्याला घर बदलावं लागलं. मला ही गोष्ट फार आवडते. नव्या घराशेजारी भट्टी नव्हती. हौस तर भागली नव्हती. तेव्हा ती हवा घरच्या घरी कशी तयार करायची, हे शोधणं भाग पडलं. ते बिऱ्हाड हललं नसतं, तर सोडावॉटर कदाचित भट्टीतलीच एक गंमत म्हणून राहिलं असतं.

त्याची युक्ती अशी. एका लहान बाटलीत खडूचा चुरा आणि पाणी घ्यायचं, त्यावर थोडं गंधकाम्ल टाकायचं, की फसफसून वायू सुटतो. बाटलीच्या तोंडाला जनावराच्या मूत्राशयाची पिशवी बांधलेली, तिला नळी. वायू पिशवीत भरला, की नळीचं दुसरं टोक पाण्याने भरून कुंडीत उपड्या ठेवलेल्या मोठ्या बाटलीत घालायचं, पिशवी दाबायची आणि बाटली चांगली हलवायची. पाण्याच्या आकारमानाइतकाच वायू पाण्यात मुरतो. पंपाने दाब दिला तर याहून जास्त मुरवता येईल, हेही त्याने लिहून ठेवलं. पुढचा सगळा सोड्याचा धंदा या एका वाक्यावर उभा राहिला, असं म्हटलं तरी चालेल.

कृपा करून हे कुणी घरी करू नये. आम्ल राहू द्या, नुसता वायूचा दाबही वाईट. दहा वर्षांची असताना मी अण्णांच्या कपाटातलं लिंबाचं फूल आणि स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा एका बाटलीत घालून वर घट्ट बूच मारलं होतं. बूच उडून माडीच्या तुळईला लागलं. बाटली फुटली नाही, हे नशीब. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी फूटपट्टी आणून जमिनीपासून तुळईपर्यंतचं अंतर मोजलं, आणि मग मात्र कपाटाला कुलूप घातलं. लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा टाकून सोडा-सरबत करायचा घरोघरी होणारा प्रयोगही फसवाच. फेस दिसतो खरा, पण लिंबाचा आंबटपणा त्यातच खर्ची पडतो आणि मागे एक खारट, साबणासारखी चव राहते.

१७७२ साली प्रिस्टलेने ही सगळी कृती एका छोट्या पुस्तिकेत छापून टाकली. पेटंट नाही, गुपित नाही. कुणीही वाचावं, घरी करावं, प्यावं. नंतर डॉ. नूथ यांनी मूत्राशयाच्या पिशवीमुळे पाण्याला दर्प येतो अशी तक्रार करून काचेचं सुबक उपकरण बनवलं, आणि ते घराघरांतल्या जेवणाच्या टेबलावर दिसू लागलं. प्रिस्टलेला टीका झोंबली, पण उपकरण चांगलं आहे हे त्याने मान्य केलं.

ही पुस्तिका त्याने अर्पण केली होती नौदलाचे प्रमुख लॉर्ड सँडविच यांना. ब्रेडच्या दोन कापांत काहीबाही घालून खाण्याला ज्यांचं नाव चिकटलं, तेच हे. त्याचं कारण वेगळं होतं. लांबच्या सफरींत खलाशी स्कर्व्हीने मरत. हिरड्या सुजायच्या, दात पडायचे, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या. त्या काळच्या काही वैद्यांचं म्हणणं असं, की शरीर आतून कुजतं आणि ही वायूमय हवा कुजणं थांबवते. प्रिस्टलेने ते खरं मानलं. आपलं पाणी खलाशांचे प्राण वाचवील, या आशेने तो भारून गेला होता. आदल्या वर्षी कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर त्यालाही नेण्याचं घाटत होतं, पण त्याच्या धार्मिक मतांमुळे ते बिनसलं. तो गेला नाही, निदान त्याची कृती तरी जावी. नौदलाने ती आजमावायचं ठरवलं. रॉयल सोसायटीने १७७३ साली त्याला आपलं मानाचं कोप्ली पदक दिलं.

आणि त्याचा काहीएक उपयोग नव्हता. स्कर्व्ही होतो तो क जीवनसत्त्वाच्या अभावी, सोड्याने त्यात तीळभरही फरक पडत नाही. औषध होतं लिंबू. जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरने १७४७ सालीच लिंबू आणि संत्री देऊन आजारी खलाशी बरे करून दाखवले होते. पण ते आरमाराच्या डोक्यात शिरायला १७९५ साल उजाडलं. पुढे या दोन गोष्टी एका पेल्यात आल्या, त्या चवीसाठी. मी लिंबू पिळते तेव्हा मला नेहमी वाटतं, की हा माणूस अर्ध्या पेल्यापर्यंत बरोबर पोचला होता.

पुदिन्याचीही गोष्ट सांगायलाच हवी. मेणबत्ती जळून हवा निकामी होते, प्राणी श्वास घेऊन निकामी करतात, मग जगातली सगळी हवा आतापर्यंत संपली कशी नाही, हा प्रश्न त्याला छळत होता. १७ ऑगस्ट १७७१ रोजी, मेणबत्ती जळून विझली होती अशा बंद हवेत त्याने पुदिन्याची एक काडी ठेवली. दहा दिवसांनी पाहिलं तर त्याच हवेत दुसरी मेणबत्ती छान जळली. काडीने हवा पुन्हा ताजी केली होती. झाडं आपल्याला जगवतात, हे आपण आता पाठ म्हणतो. ते प्रथम दाखवलं या परसातल्या पुदिन्याने.

यानंतरचं अण्णांचं आवडतं प्रकरण मी थोडक्यात सांगते. लॉर्ड शेलबर्न यांच्याकडे ग्रंथपाल असताना, १ ऑगस्ट १७७४ रोजी त्याने बारा इंच व्यासाच्या भिंगाने पाऱ्याच्या लाल भस्मावर ऊन एकवटलं. जो वायू निघाला, त्यात मेणबत्ती कधी नव्हे इतकी तेजाने जळली, आणि पुढे कोंडलेला उंदीर साध्या हवेतल्यापेक्षा बराच जास्त वेळ जगला. स्वीडनच्या शीलेला हा वायू आधीच सापडला होता, पण ते छापून आलं नव्हतं. त्याच शरद ऋतूत पॅरिसला लाव्हाझिएच्या घरी जेवताना प्रिस्टलेने हे सगळं मोकळेपणाने सांगून टाकलं. लाव्हाझिएने त्यावर नवं रसायनशास्त्र उभारलं आणि त्या वायूचं बारसं केलं. प्रिस्टले मात्र जळण्यातून फ्लॉजिस्टन नावाचं काहीतरी निघून जातं, या जुन्या समजुतीला अखेरपर्यंत चिकटून राहिला. अण्णांना याचाच सल होता. तरुणपणी मलाही वाटायचं, की केवढा हा हट्ट. आता वाटतं, ज्याने इतकं हातचं न राखता वाटलं, त्याला एक हट्ट माफ असावा. अण्णा असते तर वाद घातला असता.

१७८० साली तो बर्मिंगहॅमला आला आणि ही अकरा वर्षं बहुधा त्याच्या सुखाची. जेम्स वॉट, बोल्टन, वेजवुड, इरॅस्मस डार्विन असली मंडळी पौर्णिमेच्या सुमारास जमत. रात्री परतताना चांदणं असावं म्हणून पौर्णिमा. धर्मातल्या चुकीच्या समजुतींखाली आपण कणाकणाने दारू पेरतो आहोत, असं त्याने एकदा लिहिलं आणि विरोधकांनी त्याचं नाव बंदुकीच्या दारूवरून पाडलं. त्यात फ्रान्सच्या क्रांतीचं त्याने उघड स्वागत केलं. १४ जुलै १७९१ रोजी बर्मिंगहॅमच्या हॉटेलात त्या क्रांतीच्या वाढदिवसाचं जेवण होतं. तो गेलाही नव्हता. संध्याकाळी घरी बायकोबरोबर बॅकगॅमन खेळत होता. आपल्या सोंगट्यांसारखाच, फाशांचा खेळ. तेवढ्यात माणसं धावत आली, की जमावाने तुमचं प्रार्थनामंदिर पेटवलं आहे आणि ते इकडेच निघाले आहेत. नवराबायको अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली.

घरातल्या चुली आणि दिवे आधीच विझवलेले होते, त्यामुळे जमावाला आग मिळेना. तेव्हा काहींनी ग्रंथालयातल्या त्याच्या मोठ्या विजेच्या यंत्रातून ठिणगी काढायची खटपट केली. ज्या तऱ्हेचं यंत्र तो एके काळी मुलांच्या हातात द्यायचा, त्यातून त्याचंच घर पेटवायला निघाले. शेवटी आग कुठून तरी आलीच. पुस्तकं, हस्तलिखितं, प्रयोगशाळेतली उपकरणं, वर्षानुवर्षांच्या नोंदी, सगळ्याची राख झाली. दंगल तीन-चार दिवस चालली आणि त्याच्या पंथातल्या कितीतरी लोकांची घरं त्यात गेली.

ती दोघं लंडनजवळ हॅकनीला येऊन राहिली. नुकसानभरपाई मिळाली ती अपुरी. ओळखीचे लोक तोंड चुकवू लागले. आणि याच काळात, १७९२ साली, जिनिव्हाहून एक कारागीर लंडनला आला आणि ड्रुरी लेनमध्ये त्याने सोडावॉटरचा कारखाना थाटला. त्याचं नाव याकोब श्वेप. प्रिस्टलेने छापलेली कृती त्याने वाचली होती, पंप लावून ती सुधारली होती, आणि आजही बाटल्यांवर त्याचं नाव वाचायला मिळतं. यात श्वेपचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. कृती छापली होती ती कुणी तरी करावी म्हणूनच. पण एकाच शहरात एक जण त्या बुडबुड्यांवर दुकान मांडतो आहे आणि दुसरा जळालेल्या कागदांची आठवण काढत बसला आहे, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही.

एप्रिल १७९४ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, तो मेरीबरोबर अमेरिकेच्या जहाजात बसला. ते समुद्रात असतानाच तिकडे पॅरिसमध्ये लाव्हाझिएचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. पेनसिल्व्हेनियातलं नॉर्थम्बरलंड हे गाव त्याने राहायला निवडलं. धाकटा मुलगा हेन्री १७९५ च्या डिसेंबरात गेला. पुढच्या सप्टेंबरात, घराचं बांधकाम चालू असतानाच, मेरी गेली. या घराची आखणी बरीचशी तिचीच होती. नव्या घरात तो प्रयोग करत, लिहीत राहिला. ६ फेब्रुवारी १८०४ रोजी सकाळी त्याने एका लिखाणातल्या दुरुस्त्या अंथरुणातून सांगितल्या, लिहिलेलं परत वाचून घेतलं, बरोबर आहे म्हणाला आणि थोड्याच वेळात गेला.

हे घर मी पाहिलं आहे. लेक फिलाडेल्फियाजवळ असते. काही वर्षांपूर्वी तिच्याकडे गेले असताना जावईबापूंनी गाडी काढली. सस्क्वेहाना नदीच्या दोन शाखा या गावापाशी एक होतात. कराडचा प्रीतिसंगम पाहिलेल्या माणसाला तिथे पटकन परकं वाटत नाही. पांढरं, लाकडी, दुमजली घर आहे आणि एका बाजूला प्रयोगशाळेची खोली. १ ऑगस्ट १८७४ रोजी प्राणवायूच्या शोधाची शंभरी साजरी करायला अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ याच गावात जमले आणि त्या भेटीतून दोन वर्षांनी त्यांची देशव्यापी संस्था निघाली. मी प्रयोगशाळेच्या खिडकीशी बराच वेळ उभी होते. अण्णांना सांगायला हवं होतं, असं वाटत राहिलं.

परतीच्या वाटेवर एका दुकानातून लिंबं आणि सोड्याच्या बाटल्या घेतल्या. पुदिना लेकीच्या सज्जात कुंडीत होताच. रत्नागिरीहून नेलेली आगळाची बाटली मात्र विमानात बॅगेतच फुटली होती, आणि माझ्या दोन सुती साड्या कायमच्या कोकमी झाल्या होत्या. तेव्हा त्या रात्री आम्ही प्यायलो तो नुसताच लिंबू-सोडा, वर पुदिन्याची काडी घालून.